नंदादीपाचा हिशेब

देवापुढच्या दिव्याचा हिशेब विचारू नये, असे आमची आजी सांगत असे. तिचे म्हणणे भक्ताच्या दृष्टीने यथार्थच होते. परंतु देवस्थानच्या खजिनदाराला ते पाळता येत नाही. अंत्रुज महालातील आमच्या लहानशा देवस्थानची वही आम्ही पुष्कळ वर्षे सांभाळली. तेल, वाती, कापूर, जत्रेतील गॅसबत्त्यांचे भाडे, पुढे विजेचे बिल आणि त्याहीपुढे डिझेल, अशा नोंदी त्या वहीत एकाखाली एक उतरत गेल्या. आमच्या बालपणी गावात वीज नव्हती. गोवामुक्तीनंतरच्या दशकात ती आली आणि सभामंडपात पहिला दिवा लागला, त्या संध्याकाळी गावातील वडीलधाऱ्यांनी त्या काचेच्या गोळ्यालाही हात जोडले होते. प्रकाश म्हटला की हात जोडायचे, एवढेच त्यांना ठाऊक. तो प्रकाश येतो कोठून आणि त्याचे मोल कोण देतो, हा प्रश्न त्या संध्याकाळी कोणाच्याही मनात आला नाही. आमच्या मनात तो येण्यास तर आणखी कित्येक वर्षे लागली, आणि तो आला तोही एका चुकीच्या वाटेने. त्या चुकीची हकीकत सांगावी आणि तिच्या अनुषंगाने विजेच्या खऱ्या किमतीचा थोडा विचार करावा, असा आजचा हेतू आहे.

निमित्त असे घडले. वहीचा भार उतरवून आम्हांस बरीच वर्षे झाली असताना गेल्या वैशाखात समितीने आम्हांस बोलावणे पाठविले. गेलो, तो समोर दोन दरपत्रके मांडलेली. पहिले अग्रशाळेच्या गच्चीवर १० किलोवॅटची सौर पॅनेले बसविण्याचे. किंमत ६ लाख रुपये. दुसरे नव्या डिझेल जनरेटरचे. किंमत त्याच्या निम्म्याहूनही कमी. समितीतील तरुण मंडळी म्हणाली, "काका, तुम्ही हिशेबातले. यातले स्वस्त कोणते ते तुम्हीच सांगा." आमच्या शेजारी बसलेले एक वयोवृद्ध महाजन हसून म्हणाले, "यात सांगायचे काय? आकडे समोरच आहेत."

नेमके हेच वाक्य, याच मंडपात, १९९४ साली आम्ही स्वतः उच्चारले होते.

त्या वर्षी जत्रेच्या रात्री पालखी निघण्याच्या वेळी वीज गेली आणि तासभर अंधारात घोळ झाला. जनरेटर घ्यावा असा ठराव झाला. तीन दरपत्रके आली. आम्ही सर्वांत कमी रकमेचे निवडले आणि देवस्थानचे ११ हजार रुपये वाचविल्याबद्दल सभेने टाळ्या वाजवून आमचे अभिनंदन केले. ते यंत्र स्वस्त होते खरे, पण खादाड होते. त्याला डिझेल जास्त लागे, वंगण वारंवार बदलावे लागे, आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी कारागीर बोलवावा लागे. वाचविलेले ११ हजार तिसऱ्या वर्षाच्या आतच धुरावाटे निघून गेले. खर्चाची तोंडमिळवणी करण्याकरिता कोठेतरी कात्री लावणे भाग पडले, आणि ती आम्ही लावली ती एका वृद्ध सेवेकऱ्याच्या मानधनावर. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समया घासण्याची, लामणदिवे भरण्याची आणि जत्रेला दीपस्तंभ पाजळण्याची सेवा होती. "आता विजेचे दिवे झाले, काम कमी झाले," असे कारण आम्ही वहीत नोंदविले आणि मानधन निम्मे केले. त्यांनी तक्रार केली नाही. त्या संध्याकाळी समईत तेल ओतता ओतता, आमच्याकडे न पाहता, ते एवढेच म्हणाले, "बाब, दिवो पेटता तो सगळ्यांक दिसता. तेल कोणाचें, तें कोण पळयता?"

२००३ साली ते निवर्तले. तोवर त्यांनी निम्म्याच मानधनावर सेवा केली. तो ठराव फिरवावा असे आमच्या मनात अनेकदा आले. पण मनात येणे आणि सभेत बोलणे यांत जे अंतर असते ते आम्ही कधी ओलांडले नाही.

म्हणून या खेपेस आम्ही त्या वयोवृद्ध स्नेह्यांस म्हटले, "आकडे समोर आहेत, पण सगळे नाहीत. महिनाभराची मुदत द्या."

त्या महिन्यात आम्ही जे वाचले, त्यावरून एक गोष्ट ध्यानात आली. अभियंते ज्याला आयुर्मान खर्च म्हणतात, तो विचार आपल्याकडे मुळीच नवा नाही. तमिळ देशातील चोळकालीन देवालयांच्या भिंतींवर नंदादीपाच्या दानाचे शिलालेख शेकड्यांनी कोरलेले आहेत. त्यांत दाता एका अखंड दिव्यासाठी तेलाची किंमत देत नाही. तो बहुधा ९० किंवा ९६ मेंढ्या देतो. त्या मेंढ्या धनगराच्या स्वाधीन करायच्या, त्याने त्यांच्या दुधाचे तूप ठराविक मापाने नित्य देवळास पोचवायचे, आणि म्हातारी मेंढी मेली तर कळपातील कोकराने तिची जागा भरून काढायची. अशा कळपाला त्या लेखांत "न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या" असे मोठे अर्थपूर्ण नाव आहे. वाचकहो, या एका व्यवस्थेत भांडवल आहे, इंधन आहे, देखभाल करणाराचा निर्वाह आहे आणि घसाराही आहे. दिवा एक दिवस कितीला पडतो असे त्या दात्याने विचारले नाही. तो चंद्रसूर्य असेतोवर तेवत ठेवण्यास काय लागते, असे विचारले. आम्ही १९९४ साली जो प्रश्न विचारला, तो त्या मानाने फारच कोता होता.

वीजकेंद्राचा हिशेबही याच रीतीने मांडावा लागतो. केंद्र उभारण्याचा खर्च, त्याच्या सबंध आयुष्यातील इंधनाचा खर्च, माणसांचा नि दुरुस्तीचा खर्च, आणि शेवटी ते मोडून जागा साफ करण्याचा खर्च, हे सर्व एकत्र करायचे. आणि त्या आयुष्यात जितकी युनिटे वीज निघेल तितक्यांनी भागायचे. जे उत्तर येते तो त्या विजेचा खरा दर. ऐकण्यास हे सोपे वाटते; पण निरनिराळ्या केंद्रांचे स्वभाव एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की भागाकार करण्यापूर्वी ते ओळखून घेतले पाहिजेत.

जलविद्युत केंद्र हे आपल्या पोफळीच्या कुळागरासारखे आहे. लावताना कंबर मोडते. नंतर पिढ्या खातात. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले. यंत्रे बदलली, पण घाटावरचे पाणी शंभराहून अधिक वर्षे तीच सेवा देत आहे. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने तेथील क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. तेथे इंधनाचे बिल नाही. पावसाचे ऋण तेवढे आहे.

कोळशाचे केंद्र हे खानावळीच्या जेवणासारखे. बांधण्यास फार लागत नाही असे नव्हे, पण खरा खर्च रोजच्या पानाचा. एका युनिटला सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो, आणि आपल्या देशी कोळशात ३० ते ४० टक्के राखच असते. ती राख टाकायला जागा हवी, कोळसा आणायला रेल्वे हवी, आणि हे केंद्राच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालू राहायचे.

वायूवर किंवा नाफ्थ्यावर चालणारे केंद्र लवकर उभे राहते, पण भाड्याच्या गाडीप्रमाणे त्याचा मीटर इंधनाच्या बाजारभावाने फिरतो. याचा धडा कोकणपट्टीने दाभोळला घेतला. १९९३ साली तेथील विजेच्या खरेदीचा करार झाला आणि १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. करारात दराचे दोन भाग होते: एक केंद्र सज्ज ठेवल्याबद्दलचा स्थिर आकार आणि दुसरा इंधनाचा. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार द्यावाच लागे. इंधन महागले, रुपया घसरला, वीज महाग म्हणून कमी घेतली गेली; आणि कमी घेतली म्हणून तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडून प्रत्येक युनिट अधिकच महाग झाले. २००१ साली केंद्र बंद पडले आणि पुढे २००५ साली सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने नवी कंपनी स्थापून ते हाती घ्यावे लागले. भागाकारात छेद लहान झाला की उत्तर मोठे होते, हे शाळेतील गणित एका राज्याच्या तिजोरीला शिकावे लागले.

याची दुसरी बाजू पाहायची असेल तर आमच्या सीमेपलीकडे, कारवारजवळच्या कैगा येथे पाहावे. अणुवीज केंद्र उभारणे अतिशय महाग, परंतु त्याचे इंधन खर्चाच्या मानाने थोडे. असे केंद्र जितके अखंड चालेल तितके ते स्वस्त पडते. कैग्याचा २२० मेगावॅटचा पहिला संच २०१८ साल संपेपर्यंत सलग ९६२ दिवस चालला आणि त्याने त्या वेळी जागतिक विक्रम केला. एवढे दिवस न विझता तेवणाऱ्या यंत्राला नंदादीपाचीच उपमा शोभेल.

आणि आता सूर्य. त्याचे इंधन फुकट, पण पॅनेलांची किंमत आजच मोजायची. २०१० साली राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटमागे १० रुपये ९५ पैसे होती. दहाच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, वडोदऱ्याच्या गुजरात ऊर्जा विकास निगमाच्या लिलावात ती १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आली. ज्या वस्तूचा भाव आमच्या डोळ्यांदेखत असा उतरला, अशी दुसरी वस्तू आमच्या आयुष्यात आम्हांस आठवत नाही. वहीत तर सर्वच आकडे चढते.

या दोन लिलावांच्या मधला, मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पाचा २०१७ सालचा लिलाव आम्हांस विशेष बोधप्रद वाटला. तेथील दर पहिल्या वर्षी २ रुपये ९७ पैसे, आणि पुढे १५ वर्षे दरसाल ५ पैशांची वाढ. २५ वर्षांची सरळ सरासरी आम्ही कागदावर काढली, ती सुमारे ३ रुपये ४८ पैसे आली. पण प्रकल्पाचा समतल दर म्हणून सर्वत्र सांगितला जातो तो ३ रुपये ३० पैसे. आम्ही दोनदा बेरीज केली. चूक आमच्या बेरजेत नव्हती. आमच्या कल्पनेत होती. तेथे एक जुना स्नेही लपून बसला होता, आणि त्याचे नाव वटाव.

हुंडीचा व्यवहार ज्यांच्या घरात झाला त्यांना वटाव नवा नाही. आजचे १०० रुपये आणि १२ वर्षांनंतरचे १०० रुपये एकच नव्हेत. ८ टक्के व्याजाने आजचे १०० रुपये १२ वर्षांत सुमारे २५२ होतात. उलटपक्षी, १२ वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत सुमारे ४० रुपयेच. म्हणून आयुर्मान खर्चात पुढचा प्रत्येक रुपया, आणि पुढचे प्रत्येक युनिटही, वटाव कापून मोजतात. रीव्याचे चढे दर मागाहूनच्या वर्षांत येतात, त्यामुळे त्यांचे वजन कमी पडते आणि समतल दर सरासरीपेक्षा खाली येतो.

हे समजल्यावर आम्ही आमच्या गच्चीचा हिशेब मांडला. वाचकांना पडताळा घेता यावा म्हणून तो येथे देतो. भांडवल ६ लाख. वर्षाला १४ हजार युनिटे, आणि पॅनेले जुनी होतात म्हणून त्यांत दरसाल ०.६ टक्का घट. बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलण्यास ८० हजार. पुसणे नि तपासणे यांस वर्षाला ८ हजार. आयुष्य २५ वर्षे. वटाव मुळीच धरला नाही, तर युनिट सुमारे २ रुपये ७० पैशांना पडते. ८ टक्के वटाव धरला, तर सुमारे ५ रुपये. १२ टक्के धरला, तर सुमारे साडेसहा रुपये. सरकारी वीज आमच्या बिलावर सर्व आकार मिळून साडेपाच रुपयांच्या आसपास पडत होती. पुढे ती वाढेल हे आम्ही हिशेबात धरले नाही. आपल्याला अनुकूल असे अंदाज हिशेबात धरण्याची सवय खजिनदारास नसावी.

तेव्हा गंमत पाहा. पॅनेले तीच, ऊन तेच, गच्ची तीच. परंतु वटावाचा दर बदलताच तीच वस्तू स्वस्तही ठरते आणि महागही. यावरून आम्हांस असे दिसून आले की वटावाचा दर हा केवळ हिशेबाचा आकडा नाही. आपल्या नातवंडांच्या उजेडाची किंमत आपण आज किती करतो, याचे ते माप आहे. वटाव जबर धरला की जी केंद्रे खर्च पुढे ढकलतात, म्हणजे कोळशाची नि तेलाची, ती स्वस्त दिसू लागतात. वटाव हलका धरला की आधी खर्च मागणारी, पाण्याची, अणूची आणि सूर्याची, स्वस्त ठरतात. अणुकेंद्र मोडण्याचा नि त्याचा किरणोत्सारी कचरा राखण्याचा खर्चही याच चाळणीतून जातो: ६० वर्षांनंतर द्यावयाचे १०० रुपये ८ टक्क्यांच्या वटावाने आज जेमतेम १ रुपया भरतात. खर्च नाहीसा होत नाही. तो केवळ दिसेनासा होतो. चोळ देशातील त्या मेंढ्यांच्या दात्याने वटाव शून्य धरला होता, असेच म्हणावे लागेल. कारण त्याला हजाराव्या वर्षीचा दिवा पहिल्या दिवसाच्या दिव्याइतकाच मोलाचा होता.

आम्ही स्वतः ८ टक्क्यांचा आकडा पुढे केला. देवस्थानची ठेव बँकेत जे मिळविते त्याच्या आसपासचा तो दर आहे, आणि दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त त्याहून उदार होऊ शकत नाही. पण शून्याचा आकडाही आम्ही शेजारी लिहून ठेवला.

आणखी एक गोष्ट या हिशेबात मावत नाही, ती वेळेची. पालखी निघते रात्री, आणि रात्री पॅनेले झोपलेली असतात. आषाढ-श्रावणात तर आमच्याकडे दिवसाही सूर्यनारायणाचे दर्शन दुर्लभ. दिवसा उरलेली वीज सरकारी तारांना द्यावी आणि रात्री तितकी परत घ्यावी, अशी मापनाची सोय गोव्यात आहे, म्हणून वर्षाची बेरीज जुळते. परंतु बाहेरची वीज गेली की नुसती तारांना जोडलेली पॅनेलेही सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतात, हे आम्हांस तंत्रज्ञाने सांगितले, तेव्हा आम्ही चपापलोच. म्हणजे समितीपुढची दोन दरपत्रके एकाच प्रश्नाची उत्तरे नव्हती. एक वर्षभराच्या बिलाचे उत्तर होते, दुसरे अंधाराच्या एका तासाचे. जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये जेमतेम तीन-साडेतीन युनिटे देतो. लिटरला ९० रुपये धरले तर नुसत्या इंधनापोटीच युनिट २५ ते ३० रुपयांना पडते. ते वर्षभर परवडणारे नाही. पण पालखीच्या वाटेवरच्या एका तासाचे मोल कोणी रुपयांत सांगावे?

हिशेब येथवर आला, आणि आम्हांस त्या सेवेकऱ्यांचे शब्द पुन्हा आठवले. तेल कोणाचे? गोव्यात मोठे वीजकेंद्र नाही. आमच्या सभामंडपातील दिव्याची वीज बव्हंशी बाहेरून येते; छत्तीसगडमधील कोरबा आणि मध्य प्रदेशातील सिंगरौली भागातील विंध्याचल ही कोळशाची केंद्रे तिच्या उगमांपैकी आहेत. त्या सिंगरौलीची हकीकत वाचून आमची झोप उडाली. तेथे रिहंद नदीवरच्या धरणाने गावे उठविली. ते धरण १९६२ साली पुरे झाले. उठलेले लोक जेथे जाऊन वसले, तेथे पुढे कोळशाच्या खाणी नि वीजकेंद्रे आली, आणि काही कुटुंबांना दुसऱ्यांदा, काहींना तिसऱ्यांदा घर मोडावे लागले. इकडे कोयनेच्या जलाशयासाठी ज्यांच्या शेताभातावर पाणी आले, त्यांची पुनर्वसनाची मागणी नातवंडांच्या काळापर्यंत चालत आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. जलाशयाच्या भाराशी त्याचा संबंध असल्याचे शास्त्रज्ञ मानतात. या कशाचाही आकडा युनिटच्या दरात नाही. ज्या गावाने आपली ग्रामदेवता पाण्याच्या वर उचलून नेली असेल, त्या गावाच्या देवळातील नंदादीप किती दिवस विझलेला राहिला, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

सूर्याचे पॅनेल निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. तेही कोठे तरी वाळू वितळवून, कोणाच्या तरी श्रमाने तयार होते, आणि २५ वर्षांनी त्याचा भंगार कोठे टाकावा हा प्रश्न आमच्या नातवांना सोडवावा लागेल. आम्ही इतकेच शिकलो की, स्वस्त हा शब्द उच्चारण्यापूर्वी खर्च कोणाच्या खांद्यावर पडला आहे, ते शोधावे.

महिना संपला. सभा भरली. आम्ही कागद वाचून दाखविला. आमची सूचना अशी होती की, पॅनेले बसवावीत. गाभाऱ्याच्या नि पालखीच्या वाटेवरील दिव्यांपुरती लहान बॅटरी घ्यावी, आणि तिचा खर्च वेगळा दाखवावा. नवा जनरेटर विकत न घेता जत्रेच्या रात्रीपुरता भाड्याने आणावा. दीपस्तंभाशेजारी ती काळी पॅनेले शोभणार नाहीत, अशी एक रास्त हरकत निघाली. ती अग्रशाळेच्या मागल्या गच्चीवर हलवून मिटली. मग एक होतकरू व्यावसायिक तरुण उठले. म्हणाले, "काका, देखभालीचे ८ हजार कशाला? कंपनीच्या कागदावर देखभाल शून्य आहे. पावसात पॅनेले आपोआप धुऊन निघतात. ही रक्कम काढलीत तर युनिटमागे ६० पैसे वाचतील."

हिशेब त्यांचा बरोबर होता. ८ टक्क्यांच्या वटावाने ती रक्कम युनिटमागे ६० पैसेच भरते. आमच्याकडे पाऊस गेल्यावर तांबडी धूळ उडते, पाचोळा पडतो, पाखरे बसतात, हे उत्तर देऊन आम्हांस सुटता आले असते. पण त्या ६० पैशांत आम्हांस १९९४ सालचे ११ हजार दिसले. आम्ही उभे राहिलो आणि तो मानधनाचा ठराव कसा झाला, तो कोणी लिहिला आणि यंत्राची चूक एका माणसाच्या पोटावर कशी लादली गेली, हे प्रथमच सभेपुढे सांगितले. सभेतील निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हते. उरलेल्यांना ठाऊक होते, पण आम्हांला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते तरुणच म्हणाले, "राहू द्या ते ८ हजार."

त्या सेवेकऱ्यांचा नातू वीजतंत्री झाला आहे. पॅनेले पुसण्याचे नि तपासण्याचे काम आता त्याच्याकडे आहे, आणि हिशेबाच्या कागदावर त्याची ओळ भांडवलाच्या लगेच खाली लिहावी, असा आमचा आग्रह सभेने मान्य केला. त्याच्या आजोबांना त्यातले काही पोचत नाही. काही देणी वटाव कापूनही फिटत नाहीत. ती देणाऱ्याच्याच नावे राहतात.

गाभाऱ्यातील नंदादीप मात्र पूर्वीप्रमाणे तेलाचाच आहे. त्याला पॅनेलाची वीज द्यावी असे कोणी सुचविले नाही, आणि सुचवू नये. संध्याकाळी आरतीला जातो तेव्हा अग्रशाळेच्या गच्चीवर तो मुलगा फडके घेऊन उभा असलेला कधी कधी दिसतो. तो खाली उतरला की समईत तेल घालतो. आम्ही पायरीवर बसून ते पाहतो, आणि मग देवाला हात जोडतो. दिव्याचा हिशेब विचारू नये असे आजी म्हणत असे. तेल कोणाचे हे विचारण्यास तिची हरकत नसती, असे आम्हांस वाटते.